रिठ्याच्या फेसाने समुद्र धुतला जात नाही

पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला डांबरगोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या खनिज तेलाचे घट्ट गोळे, लागले की एक मेसेज हमखास फिरतो: ‘उसाचं चिपाड, रिठ्याची टरफलं यांपासून नैसर्गिक साबण बनवा आणि समुद्रावर फवारा. तेल नाहीसं होतं, माशांना इजा नाही, खर्च शून्य!’

‘तेल नाहीसं होतं’? तेलकट कढई घासली की तेल जातं कुठे? मोरीत. समुद्रात तवंग फुटून बारीक थेंब होतात आणि खाली पाण्यात उतरतात. जिवाणू त्यांचा फडशा पाडतात, पण सावकाश. तोवर पक्षी नि किनारा वाचतो आणि माशांच्या अंड्या-पिलांना ते तेल भोवतं.

‘माशांना इजा नाही’ हे तळ्यात मासे पाळणाऱ्याला सांगून बघा. मत्स्यबीज सोडण्याआधी नको असलेले मासे मारायला तो मोहाची पेंड टाकतो, हेक्टरी साधारण 2500 किलो. तेल गाळून उरलेला चोथा, म्हणजे अस्सल वनस्पतिजन्य कचरा! त्यातलं सॅपोनिन माशांच्या रक्तपेशी फोडतं आणि मासे उलटे होऊन वर येतात. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. आणखी एक गंमत. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीवर जवळपास 70 लाख लिटर ओतलेल्या, आजही शिव्या खाणाऱ्या कोरेक्झिट या तवंग फोडणाऱ्या रसायनात पॉलिसॉर्बेट 80 हे साबणासारखं द्रव्य होतं. ते वनस्पतींपासून मिळणारं सॉर्बिटॉल आणि ओलेइक आम्ल वापरून बनतं, आइस्क्रीममध्येही घालतात. तेव्हा मूळ झाडाचं की खनिज तेलाचं, एवढ्यावरून काही ठरत नाही.

‘खर्च शून्य’ तर नाहीच. चिपाड जाळून साखर कारखाने वाफ नि वीज काढतात, ते उकिरड्यावर पडलेलं नसतं. त्यातली साखर मोकळी करा, तिच्यावर साबणासारखं द्रव्य बनवणारे जिवाणू वाढवा, टाकीतून उतू जाणारा फेस आवरा, मग ते द्रव्य शुद्ध करा. पैसा तिथे जातो.

आणि ज्यांच्यामुळे मेसेज फिरतो त्या डांबरगोळ्यांवर कुठलीच फवारणी चालत नाही. त्यांतले हलके घटक केव्हाच उडालेले असतात. तिथे फावडं आणि घमेलं. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ ही जहाजं आदळली, तेव्हा तेल तिवरांत शिरलं. अशा उथळ खाडीत फवारलं तर थेंब विरळ व्हायला पुरेसं पाणीच नसतं.

ही साबणासारखी नैसर्गिक द्रव्यं टाकाऊ नाहीत. तेलाने माखलेली माती धुवायला, साठवण टाक्यांच्या तळाचा गाळ सोडवायला ती कामाची आहेत. तिथे निदान धुतलेलं पाणी अडवून ठेवता येतं.