खुलासा : पूररेषेबद्दलचा माझा मेसेज पुढे पाठवू नका

पंचगंगेकाठच्या नियोजित गृहप्रकल्पाबद्दल मी परवा लिहिलं होतं की, लाल पूररेषेच्या (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या) आत एक वीटही रचता येत नाही, म्हणून हे काम बेकायदाच. तो मेसेज गल्लोगल्ली फिरतोय. तो चुकीचा आहे आणि चूक माझी आहे.

राज्याची बांधकाम नियमावली काल नीट वाचली. नदीकाठ ते निळी रेषा (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) हा पट्टा निषिद्ध. तिथं नवी राहती घरं बांधता येत नाहीत. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात मात्र अटींवर परवानगी मिळते. मुख्य अट, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच हवं.

म्हणून प्रकल्पावरची हरकत सोडायची, असं अजिबात नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांवर गेलं. आमच्या जिन्याच्या आठव्या पायरीवर त्या पुराच्या गाळाची रेघ अजून दिसते. उंचीसाठी भराव टाकला, तर ते पाणी जाणार कुठं? शेजारच्या घरांत. खरी हरकत ही आहे. निवेदनात कायदाच चुकीचा लिहिला, तर ती कोण ऐकून घेणार?

जुना मेसेज डिलीट करा. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा आवर्जून पाठवा.