पानात काय पडतं, ते कोण ठरवतं?

दर महिन्याच्या शेवटी लेकीच्या दप्तरातून एक कागद येतो. पुढच्या महिन्यात शाळेत कोणत्या दिवशी काय जेवायला मिळणार, याचा. ती जपानमधल्या योकोहामा शहरात एका सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीत आहे. कागदावर प्रत्येक पदार्थातले जिन्नस तीन रंगांत लिहिलेले असतात. शरीर बांधणारे लाल, म्हणजे मासे, अंडी, सोयाबीन, दूध. ताकद देणारे पिवळे. तब्येत राखणारे हिरवे. लेक तो फ्रिजवर चिकटवते आणि रोज सकाळी वाचून जाते.

२०२५च्या जानेवारीत असाच कागद फ्रिजवर लावत असताना दादाचा फोन आला. तो सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक आहे. शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा निधी राज्य सरकारने बंद केला होता. अंडं द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं वरून कळवलं होतं. दादा म्हणाला, "निम्मी पोरं रोजंदारीवर जाणाऱ्यांची आहेत. त्यांच्याच आईबापांकडे वर्गणी मागू?"

ज्यांना हे आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२३च्या नोव्हेंबरात राज्याने ठरवलं होतं, की आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला एक अंडं आणि जो अंडं खात नाही त्याला केळं किंवा दुसरं फळ. त्यावर बराच विरोध झाला. सव्वा वर्षात पैसे थांबले.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तेव्हा आठवडाभर वाद चालला. "ज्याला खायचं त्याने घरी खावं", "शाळेत संस्कार मोडू नयेत", "खाणं ही ज्याची त्याची आवड". शेवटचं वाक्य दोन्ही बाजूंनी म्हटलं जात होतं, आणि मला तेच सगळ्यात चुकीचं वाटत होतं. आवड घरातल्या घरात, आपल्या मनानं तयार होते, असं आपण धरून चालतो. मी आता तसं धरू शकत नाही.

मी लहानपणी शाळेतून तांदूळ घरी आणलेला आहे. १९९५ साली शालेय आहाराची ही योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं. हजेरी ८० टक्के भरली की महिन्याला ३ किलो धान्य मिळायचं. मी आईने शिवलेली कापडी पिशवी घेऊन रांगेत उभी राहायचे. आमचा भाग मालदांडी ज्वारीचा. भात म्हणजे सणाला किंवा पाहुणे आले तर. पण शाळेचा तांदूळ आणि रेशनचा गहू-तांदूळ घरात येत राहिला, आणि बघता बघता रोज संध्याकाळी भात व्हायला लागला. आजी शेवटपर्यंत भाकरीच मागायची. माझ्या धाकट्या भावाला मात्र भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. एकाच घरातल्या, एकाच चुलीवर जेवलेल्या या दोघांच्या आवडीत जे अंतर पडलं, ते रेशनच्या दुकानाने पाडलं. (आता तीच ज्वारी भरडधान्य म्हणून शहरात महाग पाकिटातून विकली जाते, तेव्हा मला आजीची फार आठवण येते.)

इथेही तेच घडलेलं दिसतं. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. रोज सकाळी टोस्ट खातात. मी एकदा विचारलं, भाताच्या देशात ही सवय कुठून लागली? म्हणाल्या, शाळेतून. युद्धानंतरच्या उपासमारीत शाळांमधून अमेरिकेहून आलेली दुधाची भुकटी पाण्यात कालवून मिळायची. तिला असा वास यायचा की मुलं नाक दाबून प्यायची. त्याबरोबर पाव. १९५४ साली जपानने शालेय भोजनाचा कायदा केला. त्याच वर्षी अमेरिकेने आपलं शिल्लक धान्य बाहेर पाठवण्याचा कायदा केला, तोच आपल्याकडे पीएल-४८० म्हणून ओळखला गेला. गव्हाची जहाजं जपानला लागली तशी मुंबईलाही लागली. जपानी शाळांच्या जेवणात भात अधिकृतपणे आला तो थेट १९७६ साली. तोवर दोन पिढ्यांना पावाची गोडी लागून गेली होती.

आणि मांस? इसवी सन ६७५मध्ये इथल्या सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षातले काही महिने बंदी घातली. पुढे बाराशे वर्षं या ना त्या रूपात मांस निषिद्ध मानलं गेलं. १८७२ साली सम्राट मेइजी यांनी उघडपणे गोमांस खाल्लं आणि देशाचं जेवण बदलायला लागलं. परंपरा म्हणून आपण जिच्यासाठी भांडतो, तिच्यावर कधी तरी कुणाचा तरी हुकूम चाललेला असतो.

गेल्या वर्षी शाळेने पालकांना जेवायला बोलावलं होतं. पांढऱ्या टोप्या, पांढरे एप्रन आणि मास्क घातलेली सात वर्षांची मुलं जड डबे दोघादोघांनी धरून वर्गात आणत होती. एक मुलगा डावाने सूप वाढताना प्रत्येक वाटीत गाजराचे तुकडे मोजून टाकत होता. सगळ्यांचं वाढून झाल्यावरच "इतादाकिमास" (जेवणाआधी म्हणायचे कृतज्ञतेचे शब्द) म्हणून जेवण सुरू झालं. बाईही तेच जेवण, त्याच बाकांमध्ये बसून जेवत होत्या. त्या दिवशी कारल्याची, अंडं आणि तोफू घातलेली भाजी होती. घरी कारलं दिसलं की ताट सरकवणाऱ्या माझ्या लेकीने ती संपवली, कारण शेजारची मैत्रीण संपवत होती. शेवटी उरलेल्या एका वाटीसाठी चौघांनी "जानकेन" खेळून, म्हणजे हाताने दगड-कागद-कात्री करून, कुणाला मिळणार ते ठरवलं.

पण मी जपानची आरती ओवाळायला बसलेली नाही. इथे ताट सगळ्यांना एकच. ॲलर्जी असेल तर शाळा काळजी घेते, पण श्रद्धेने किंवा घरच्या रीतीने कुणी काही खात नसेल तर बहुतेक वेळा डबा घरून आणा म्हणतात. माझ्या एका भारतीय मैत्रिणीचं घर शाकाहारी आहे. साध्या सुपातही माशाचा अर्क असतो. ती तो महिन्याचा कागद समोर ठेवून स्वयंपाक करते. शाळेत करी-राइस असेल त्या दिवशी तीही भाज्यांची करी आणि भात देते, म्हणजे मुलाचा डबा वर्गात वेगळा दिसू नये. पहाटे पाचला उठून ती हे करते, चार वर्षं. आणि सगळं संपवण्याचा आग्रह! लेक पहिलीत असताना शेवाळाची कोशिंबीर संपेना म्हणून खेळाच्या सुटीत एकटी बाकावर बसून राहिली. मी शाळेत जाऊन बोलले तेव्हा ते थांबलं.

म्हणूनच २०२३चा आपला निर्णय मला जपानपेक्षा शहाणा वाटला होता. अंडं नाही तर केळं. एकाच पंगतीत दोघं, कुणावर जबरदस्ती नाही, कुणी उपाशी नाही. हे आपल्याला सुचलं होतं याचा मला इथे बसून अभिमान वाटत होता. आपण ते विरोधामुळे सोडून दिलं.

ग्रुपवर मी हेच लिहिलं. प्राथमिकच्या मुलाला शाळेच्या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा सरकारचाच नियम आहे, आणि एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. अशी मुलं ज्या घरांतून शाळेत येतात त्या घरांना "घरी खावं" म्हणणं मला क्रूर वाटतं. माझ्या मोठ्या काकांनी उत्तर दिलं, "तू तिकडे राहून बोलतेस." खरं आहे. तिकडे राहून मला एवढंच कळलं, की सात वर्षांच्या मुलासमोर जे वारंवार येतं तेच त्याला आवडू लागतं, आणि समोर काय यावं हे मोठ्यांच्या हातात असतं. अंडं काढून घेणं हाही मोठ्यांनी त्या मुलासाठी केलेला निर्णयच आहे.

उन्हाळ्यात लेक व्हिडिओ कॉलवर दादाला म्हणाली, "मामा, तुझ्या शाळेत उरलं तर कुणाला मिळतं?" दादा म्हणाला, "आमच्याकडे उरत नाही गं."

२००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला तेव्हाही पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होताच, आणि पैसे आले. अंड्याचे पैसे वर्गणीतून नाही, अर्थसंकल्पातून यायला हवेत. आणि शेजारी केळंही असायला हवं, माझ्या मैत्रिणीच्या मुलासारख्यांसाठी. दादाने तसं पत्र शिक्षणाधिकाऱ्यांना दिलं आहे. खाली शाळा व्यवस्थापन समितीतल्या आठ पालकांच्या सह्या आहेत, त्यातल्या तिघांच्या घरी अंडं खात नाहीत.