‘यंत्राला जात नसते’ म्हणे

सोलापुरात आमच्या पूर्व भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय: “एआयला जात नाही, नातेवाईक नाहीत, ते लाच खात नाही. रेशन, नोकरभरती, कर्ज सगळं त्याच्या हाती द्या, अन्याय संपेल.” विड्या वळून ज्यांचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटेनासा झालाय, त्या बायकांनीही खाली अंगठ्याची चित्रं टाकलीत. म्हणून लिहितोय.

यंत्राला जात नाही, खरं. पण ते शिकतं आपल्याच जुन्या नोंदींवर. अ‍ॅमेझॉननं नोकरीचे अर्ज चाळायला असं यंत्र केलं होतं. त्याला दहा वर्षांचे अर्ज दिले, त्यांत पुरुषच जास्त. मग अर्जात ‘महिला’ शब्द आला, अगदी एखाद्या बुद्धिबळ मंडळाच्या नावात का असेना, की ते गुण कापायचं. २०१८ साली हे बाहेर आलं, तोवर कंपनीनं ते गुंडाळलं होतं. आणि जात? ती विचारावी लागत नाही. आडनाव, शाळा, पत्ता पुरतो. सोलापुरात तर नुसती पेठ सांगा.

‘यंत्र माणसापेक्षा कमी चुकतं.’ असेलही. चुकल्यावर काय? आमच्यातल्या कितीतरी जणांचे पाहुणे तेलंगणात आहेत, त्यांना विचारा. तिथं संगणकानं वेगवेगळ्या सरकारी नोंदी एकमेकींशी जुळवल्या, आणि तेवढ्यावर सुमारे १९ लाख रेशनकार्डं रद्द झाली. रिक्षा ओढणाऱ्या एकाच्या नावावर चक्क मोटार निघाली! शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की प्रत्यक्ष जाऊन पुन्हा पडताळा.

विडी कारखान्यात खराब विड्या बाजूला काढणारा काही देवमाणूस नसतो. माझी आई वर्षानुवर्षं त्याच्याशी भांडली. पण “का काढल्या?” म्हटल्यावर त्याला फाटकं पान, सैल वळण काहीतरी दाखवावं लागायचं. कधी दोन-चार विड्या परत सुपात यायच्या. संगणक ‘अपात्र’ म्हणतो, आणि खिडकीतला बाबू म्हणतो, “मी काय करू, सिस्टिमनं काढलंय.”

लाचेचं तर सोडाच. कापलेलं नाव परत घालून देणारा एजंट त्याच खिडकीबाहेर उभा राहील.

यंत्र वापरायला माझी ना नाही. नाव काढण्याआधी लेखी कारण द्या, त्याखाली अधिकाऱ्याची सही असू द्या, आणि कुणीतरी घरी येऊन बघेपर्यंत कार्ड चालू ठेवा. एवढं त्या मजकुरात घाला, मग मीही तो पुढे ढकलतो.