एअरसॉफ्ट बंदुकीविषयीच्या त्या संदेशात खरे किती?

गेल्या बुधवारी रात्री साडेदहाला माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा ती शेजारी ऐकतील या भीतीने कुजबुजत बोलत होती. नातेवाइकांच्या गटावर आलेला एक संदेश वाचून तिने माझ्या भाच्याची एअरसॉफ्ट बंदूक जुन्या साडीत गुंडाळली होती, आणि ती म्हात्रे पुलावरून मुठेत टाकावी की चौकीत नेऊन द्यावी, एवढेच तिला माझ्याकडून हवे होते. भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महिन्यातून एका रविवारी सात-आठ मित्रांसह मुळशीकडच्या एका शेतावर चेहऱ्याला जाळीचा मुखवटा लावून प्लॅस्टिकच्या गोळ्यांचा हा खेळ खेळतो. तोच संदेश शेताच्या मालकापर्यंतही पोहोचला होता आणि त्याने पुढच्या रविवारची परवानगी काढून घेतली होती.

संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: पुण्यात एअरसॉफ्ट बंदुकांवर पूर्ण बंदी आली आहे, प्रत्येक खेळण्यातल्या बंदुकीलाही परवाना लागतो, नळीचे टोक नारिंगी नसेल तर ती खरी बंदूक धरली जाते, कोणताही लेथवाला दहा मिनिटांत तिची खरी पिस्तूल करून देतो, घरात सापडल्यास जन्मठेप, म्हणून सात दिवसांत ती पोलीस ठाण्यात जमा करा किंवा रात्रीतून विल्हेवाट लावा.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करतो, कारण बाकीचा मजकूर नुसता चुकीचा आहे आणि हा सल्ला धोक्याचा आहे. पुण्यात ‘बंदी’ म्हणून जे काही असते ते बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालचे मनाई आदेश असतात. सण, निवडणूक, मोर्चे यांच्या सुमारास ते ठरावीक मुदतीसाठी निघतात. हे कलम मुळातून वाचण्याची तसदी संदेश लिहिणाऱ्याने घेतलेली दिसत नाही. त्यात शस्त्रे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे यांच्याबरोबर काठ्या आणि लाठ्याही आहेत, दगड आहेत, आणि दगड किंवा अन्य अस्त्रे फेकण्याची साधनेही आहेत. आदेशाचा मुख्य रोख या वस्तू सोबत घेऊन फिरण्यावर असतो. संदेशाचा तर्क लावला तर रोज सकाळी काठी टेकत तळजाईवर जाणाऱ्या प्रत्येक आजोबांना काठी ठाण्यात जमा करावी लागेल. आता यातली अर्धी खरी बाजूही मान्य करतो: आदेश लागू असताना हुबेहूब पिस्तुलासारखी दिसणारी, गोळी फेकणारी वस्तू उघड्यावर घेऊन फिरणे हे त्या आदेशाच्या कक्षेत येऊ शकते आणि कलम १३५ खाली त्याला शिक्षा आहे. पण मग संदेशाने लोकांना नेमके काय करायला सांगितले? ती वस्तू पिशवीत घालून रात्री पुलावर जा, किंवा हातात घेऊन ठाण्याच्या दारात उभे राहा! कोयता गँगच्या बातम्यांनी आधीच सावध असलेल्या गस्तीच्या पोलिसांसमोर माझी बहीण रात्री अकरा वाजता साडीतून काळी बंदूक काढून नदीत टाकते आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहावे. कपाटात असताना जी वस्तू कोणाच्या अध्यात ना मध्यात होती, तिच्यापायी घरचा माणूस ठाण्यात बसला असता.

परवान्याचा मुद्दा मात्र एका वाक्यात उडवून लावता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्रा’ची व्याख्या खूप रुंद आहे: स्फोटकाने किंवा अन्य कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेने काहीही फेकणारे शस्त्र तिच्यात बसते, म्हणजे दारू नसली तरी सुटका नाही. पण त्याच कलमात ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या करताना लाठी, साधी हातातली काठी आणि जी केवळ खेळणे म्हणूनच वापरता येतात व ज्यांचे वापरण्याजोग्या शस्त्रात रूपांतर होऊ शकत नाही अशी शस्त्रे स्पष्टपणे वगळली आहेत. ‘प्रत्येक खेळण्यातल्या बंदुकीला परवाना’ हे विधान या एका ओळीपुढे टिकत नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये हवेच्या बंदुकांसाठी २० ज्यूल ऊर्जा (ज्यूल हे ऊर्जेचे माप) आणि आतून ४.५ मिलिमीटर व्यासाची नळी अशी मर्यादा आहे. तिच्या आतल्या बंदुकीला परवाना लागत नाही. एअरसॉफ्टची ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर तिची ऊर्जा १ ज्यूल भरते, म्हणजे मर्यादेचा विसावा हिस्सा. उघड्या डोळ्याला तेवढीही पुरते, म्हणून तर मुखवटा सक्तीचा असतो.

तरीही एक गोष्ट नाइलाजाने कबूल केली पाहिजे. एअरसॉफ्टची नळी ६ मिलिमीटरची असते आणि ६ हा आकडा ४.५ पेक्षा मोठा आहे. त्यामुळे ‘हवेच्या बंदुकीला परवाना नको, म्हणून एअरसॉफ्टलाही नको’ असे जे खेळाडू छातीठोकपणे सांगतात, तेही नियम अर्धवटच वाचतात. ऊर्जेच्या मापाने ती खेळण्याच्या बाजूला पडते आणि व्यासाच्या मापाने मर्यादेबाहेर जाते. म्हणून ती नुसते खेळणे आहे की नाही, हा प्रश्न समोरच्या वस्तूची बनावट आणि ताकद पाहून सोडवायचा असतो, आणि विकत घेताना बिल व ताकदीचा लेखी तपशील मागून घेणे शहाणपणाचे ठरते. संदेशात यातला एकही आकडा नाही.

लेथच्या मुद्द्यावर मला हसू आवरत नाही, कारण भोसरीत लेथवर मी ११ वर्षे काढली आहेत. या बंदुकीत बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, तीन-चार दंतचक्रे, एक स्प्रिंग आणि तिच्यापुढे हवा ढकलणारा दट्ट्या असतो. अंग प्लॅस्टिकचे किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे, आणि आतली नळी पातळ पितळेची. ९ मिलिमीटरच्या खऱ्या काडतुसाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या २,००० पटींच्या घरात जातो. त्या दाबाला ही नळी उभी फाटेल आणि पहिली जखम चाप ओढणाऱ्याच्याच हाताला होईल. नुसता आवाज काढणाऱ्या, काडतूस पेलणाऱ्या पिस्तुलांचा असा गैरवापर होतो हे खरे आहे, पण ते यंत्रच वेगळे. शिवाय नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत विनापरवाना रूपांतर करणे हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे आधीपासूनच गुन्हा आहे; त्यासाठी नव्या बंदीची गरज पडलेली नाही.

नारिंगी टोकाचा नियम अमेरिकेचा आहे, आपल्या शस्त्र अधिनियमात त्याचा उल्लेखच नाही. टोक असेल तर राहू द्यावे, समोरच्याला लांबून कळते, पण त्याने वस्तूचा कायदेशीर दर्जा बदलत नाही. जन्मठेपेचा आकडा २०१९ च्या दुरुस्तीतून उचललेला दिसतो: बेकायदा शस्त्रे बनवणे आणि विकणे यांना तिच्यात सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, तर परवाना लागणारे साधे अग्निशस्त्र विनापरवाना बाळगण्याला दोन ते पाच वर्षे. संदेशाने कारखानदाराची शिक्षा खेळाडूच्या माथी मारली आहे.

भाच्याची बंदूक आता बिलासह कुलपाच्या पेटीत आहे. ती शेतावर नेताना बॅटरी काढलेली, गोळ्यांचा साठा वेगळा आणि पेटी गाडीच्या डिकीत, असे आम्ही ठरवले. मनाई आदेश लागू असेल त्या रविवारी जायचेच नाही. शेताच्या मालकाला वरची कलमे मी साध्या मराठीत एका कागदावर लिहून दिली. त्याने परवानगी पुन्हा दिली, मात्र खेळाच्या आदल्या दिवशी गावच्या पोलीस पाटलांना कळवायचे, अशी अट घातली, आणि ती मला योग्य वाटली.