सासूबाईंनी केलेलं भाषांतर

आमच्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच रिक्षात ऐकू येतात, याचं आपल्याला कौतुक. पण ओपीडीत? तिथं सगळ्यांनी मराठीतच दुःखी व्हायचं.

मी मनोविकार विभागात सोशल वर्कर आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर याच विषयात दोन वर्षांचं एम.फिल. करावं लागलं. तरी घरी पाहुणे विचारतात, "म्हणजे नुसतं बोलायचं? आणि त्याचा पगार?" असो.

मध्ये एक सून आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). विडी वळणारी. सोबत सासू. सून तेलुगूत पाच मिनिटं बोलली, मध्येच रडली. सासूबाईंनी मराठी केलं, "डोस्कं दुखतंय म्हणती. झोप न्हाई."

बस्स? पाच मिनिटांचं एवढंच?

माझं तेलुगू भाजी घेण्यापुरतं. पण त्यात एक शब्द तीनदा आला होता, 'रंदि'. इथल्या तेलुगूत रंदि म्हणजे मनाला लागलेला घोर. तो भाषांतरात गळाला होता. आणि जिच्यामुळे घोर लागलाय, तीच दुभाषी असेल तर दुसरं काय होणार?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. पण नवरा, सासू, शाळेतून उचलून आणलेली पोरगी यांना दुभाषी करून आपण तो रोज मोडतो, वर केसपेपरवर लिहितो, 'रुग्ण फारसं बोलत नाही'. मीही लिहिलंय. बाहेरची, भाषा येणारी, तोंड बंद ठेवणारी बाई दुभाषी म्हणून मिळणं ही मला गोळीइतकीच गरजेची गोष्ट वाटते. घाईच्या वेळी १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत नंबरवर भाषा निवडता येते, तेही अनेकांना ठाऊक नाही.

दुसऱ्या वेळी तेलुगू येणाऱ्या सिस्टरला सोबत घेतलं, सासूबाईंना बाहेर बसवलं. वेळही बदलली. हजार विड्या पुऱ्या करून कारखान्यात मोजून द्यायच्या, छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) निघाली की पैसे कमी. त्या बाईला सकाळी अकराला बोलावून 'फॉलोअपला येत नाही' म्हणणारे आम्हीच. आता ती दुपारी येते, पाऊण तास बोलते. काय, ते इथं सांगायचं नाही.

सासूबाई मात्र माझ्यावर चिडून आहेत. पुढच्या मंगळवारी त्यांना एकट्यांना बोलावलंय. तीस वर्षं विड्यांचं सूप मांडीवर घेऊन त्याही बसल्यात, आणि त्यांना आजवर कुणी काही विचारलेलं दिसत नाही.