गोळ्या अर्ध्यावर सोडू नका : ‘देव बाजूला ठेवून’ फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या भाचीने डॉक्टरांकडून गर्भपाताची पहिली गोळी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या मोबाईलवर एक मेसेज आला : गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घेतलं की गोळीचा परिणाम उलटवता येतो. पाठवणारी तिचीच मैत्रीण, हेतू वाईट नसेलही. पण पुढच्या गोळ्या समोर ठेवून पोरगी दिवसभर रडत बसली आणि रात्री मला फोन करून म्हणाली, “मावशी, प्रोजेस्टेरॉन घेतलं तर सगळं परत पहिल्यासारखं होतं का गं?” म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज मूळचा अमेरिकेतला, कुणीतरी मराठीत आणलेला. सुरुवातच अशी की आम्ही नास्तिक आहोत, धर्मग्रंथ बाजूला ठेवा, विज्ञान काय सांगतं ते ऐका. मग मुद्दे : गोळीचा परिणाम उलटवता येतो, गर्भपाताने स्तनांचा कर्करोग होतो, सहाव्या आठवड्यात हृदय धडधडतं, गर्भ म्हणजे माणूसच, भारतात मुली गर्भपातामुळे कमी झाल्या. शेवटी घरच्यांच्या संमतीची एक ओळ.

अमेरिकेत नास्तिकही गर्भपाताला विरोध करतात, हे खरं आहे. ‘सेक्युलर प्रो-लाइफ’ नावाची त्यांची संघटना २००९ पासून आहे. नॅट हेन्टॉफसारखा नास्तिक पत्रकार १९८० च्या दशकापासून हीच भूमिका मांडत राहिला. ते चर्चची माणसं नाहीत, मान्य. पण देवाचं नाव काढलं म्हणून मजकूर आपोआप विज्ञान होत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा गोळी ‘उलटवण्याचा’. गर्भपाताची औषधं दोन टप्प्यांत असतात. आधी मिफेप्रिस्टोन, ते प्रोजेस्टेरॉनचं काम अडवतं. साधारण एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, त्याने गर्भाशय आकुंचन पावून रिकामं होतं. मेसेज म्हणतो, दुसरा टप्पा टाळा, प्रोजेस्टेरॉन घ्या, गर्भ वाचेल. याला आधार म्हणून ज्या नोंदी दाखवल्या जातात, त्यांत तुलनेला दुसरा गटच नव्हता. आणि नुसत्या मिफेप्रिस्टोनने काही गर्भ तसेही टिकतातच. मग टिकला तो प्रोजेस्टेरॉनमुळे, की टिकणारच होता? हे कळायला नीट चाचणी लागते. ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या मिचेल क्रेनिन यांनी सुरू केली आणि २०२० मध्ये छापली. पहिली गोळी घेऊन दुसरा टप्पा न घेणाऱ्या ४० बायका घ्यायच्या ठरल्या होत्या. १२ झाल्या आणि चाचणी थांबवावी लागली, कारण तिघींना इतका रक्तस्राव झाला की ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. तिघींपैकी एक प्रोजेस्टेरॉन घेणारी होती, दोघी नुसती दिसायला सारखी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या. हे नीट वाचा. धोका प्रोजेस्टेरॉनचा आहे असं त्यातून सिद्ध होत नाही, त्याचा उपयोग आहे की नाही हेही ठरलं नाही, इतक्या कमी जणींत ठरणारही नव्हतं. दिसलं ते हे, की पहिली गोळी घेऊन दुसरा टप्पा सोडून देणं जिवावर बेतू शकतं. तिथे तिन्ही बायका संशोधकांच्या देखरेखीखाली होत्या. माझी भाची भाड्याच्या खोलीत एकटी होती.

कुणाचं मन पहिल्या गोळीनंतर खरंच बदललं, तर तिने त्याच डॉक्टरांना गाठावं. मेसेज वाचून औषधाच्या दुकानात जाऊ नये. भाचीचं मन बदललंच नव्हतं, ती घाबरली होती. सकाळी डॉक्टरांशी बोलली, राहिलेल्या गोळ्या वेळेत घेतल्या, आता बरी आहे.

कर्करोगाचं फार लिहीत नाही. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या संशोधनात १६ देशांतले ५३ अभ्यास, स्तनांचा कर्करोग झालेल्या सुमारे ८३,००० बायकांची माहिती, एकत्र तपासली होती. गर्भपाताने धोका वाढत नाही, हा निष्कर्ष. जुन्या काही अभ्यासांत संबंध दिसायचा, कारण आजारी बाई गर्भपाताचं खरं सांगायची आणि धडधाकट बाई लपवायची. लहान वयात पूर्ण दिवसांचं बाळंतपण झालं तर पुढे धोका थोडा कमी होतो, एवढंच त्यात तथ्य आहे.

सहाव्या आठवड्यातली ‘धडधड’ ही पेशींच्या एका नळीची हालचाल असते, चार कप्प्यांचं हृदय तेव्हा तयार झालेलं नसतं.

गर्भ माणूस आहे का, हा मात्र खरा प्रश्न आहे. फलनानंतर नवा मानवी जीव सुरू होतो, हे जीवशास्त्र मीही नाकारत नाही. डॉन मार्क्विस या तत्त्वज्ञाने १९८९ मध्ये देवाचं नाव न घेता मांडलं की मारणं वाईट, कारण त्याने पुढचं सगळं आयुष्य हिरावलं जातं. हा युक्तिवाद विचार करायला लावतो. पण ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ मध्येच म्हणून ठेवलं होतं की गर्भाला पूर्ण माणूस मानलं, तरी दुसऱ्याचं शरीर तिच्या मर्जीविरुद्ध वापरायचा हक्क त्याला मिळत नाही. आख्ख्या मेसेजमध्ये बाईच्या मर्जीबद्दल एक शब्द नाही.

आता मुलींचा मुद्दा. इथे मान खाली जाते. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. बीडमध्ये ८०७. २०१७ मध्ये सांगलीतल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. हे आपल्याकडे घडलं, नाकारून चालणार नाही. पण याविरुद्ध मुंबईतल्या ज्या बायका १९८० च्या दशकात रस्त्यावर उतरल्या, त्यांनी गर्भपातावर बंदी मागितली नाही. त्यांनी लिंगनिदान बंद करायला सांगितलं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याचा कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. त्यांना माहीत होतं की गर्भपातच बंद केला तर बायका पुन्हा काड्या आणि सुईणींकडे जातील. आणि गोळ्या नवव्या आठवड्यापर्यंतच देतात. सोनोग्राफीत लिंग खात्रीने दिसतं ते त्यानंतर. म्हणजे सहाव्या-सातव्या आठवड्यात गोळ्या घेणाऱ्या मुलीला स्त्रीभ्रूणहत्येचा दोष देणं हा धडधडीत अन्याय आहे.

राहिली शेवटची ओळ. नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही नसेल तर गर्भपात गुन्हा ठरतो, असं त्यात आहे. ही अमेरिकेतून आलेली नाही, इथेच कुणीतरी चिकटवली आहे आणि ती खोटी आहे. १९७१ च्या आपल्या कायद्यात अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या बाईला फक्त स्वतःची संमती लागते. लग्न झालं नसेल तरी. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हे स्पष्ट केलं आणि डॉक्टरांनी घरच्यांच्या सहीसारख्या कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत, असंही सांगितलं. तरीही कुणी सही मागितली, तर हीच तारीख सांगा.