बोटांचा वेग आणि मनाची नोंद: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फोनवरच्या टायपिंगवरून मनःस्थिती ओळखण्याच्या पद्धतीविषयीच्या माझ्या लेखावर फोंड्याहून आपण दोन आक्षेप घेतले आहेत: टायपिंगवरून मनाचा ठाव घेणारे ॲप म्हणजे खासगी गप्पांवरची पाळत आहे, आणि कोकणी रोमीत (रोमन लिपीत), मराठी देवनागरीत व कचेरीचे काम इंग्रजीत करणाऱ्या गोंयकाराला ही मोजपट्टी लागूच पडत नाही. पहिला आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. दुसऱ्याने मात्र मला माझा लेख पुन्हा वाचायला लावला.

शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या 'बायअफेक्ट' प्रकल्पातला कीबोर्ड आपण काय लिहिले ते साठवत नाही. दोन कळांमध्ये किती वेळ गेला, बॅकस्पेस किती वेळा दाबला, ऑटोकरेक्टने किती शब्द बदलले, फोन हातात किती हलला, अशा गोष्टीच तो टिपतो. तरीही रात्री तीन वाजता कोण जागे आहे हे मजकुराविनाही कळते, म्हणून ही नोंद रुग्णाच्या संमतीने त्याच्या डॉक्टरपुरतीच राहिली पाहिजे; विमा कंपनीकडे ती जाता कामा नये.

आता भाषेविषयी. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच प्रकल्पाच्या अभ्यासात बायपोलर विकाराच्या (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) मोजक्या रुग्णांचे 8 आठवड्यांचे टायपिंग तपासले गेले, आणि नैराश्याची तीव्रता वाढते तसे कळांमधील अंतर व ऑटोकरेक्टचे प्रमाणही वाढते असे आढळले. पण मी बहिणीला रोमीत 'हांव येतां' लिहिले की फोन दोन्ही शब्दांखाली तांबडी रेघ ओढतो, कधी परस्पर भलताच शब्द घालतो आणि मला मागे जाऊन खोडावे लागते. या खाडाखोडीत उदासीचा लवलेशही नसतो. देवनागरीत 'स्वास्थ्य' डोळ्यांना दोन अक्षरांचे दिसते, पण एकेक वर्ण आणि हलन्त टाइप करताना बोटांना नऊ कळा दाबाव्या लागतात. (रायबंदर-चोडण फेरीबोटीत एका हाताने कठडा धरून लिहिलेल्या निरोपाचे तर विचारूच नका.)

त्यामुळे 'बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयात ही पद्धत उद्यापासून वापरता येईल' हे माझे वाक्य उतावीळपणाचे होते आणि मी ते लेखातून काढले आहे. त्याआधी त्याच माणसाचे, तो बरा असतानाचे काही आठवड्यांचे टायपिंग प्रत्येक लिपीसाठी वेगळे नोंदवावे लागेल, आणि रोमी कोकणीपुरता तरी ऑटोकरेक्टचा आकडा हिशेबातून वगळावा लागेल.